इंधनाची महागाई आणि कृष्णाखोरे : एका खांदेपालटीचा इतिहास

इंधन महागले म्हणजे माणसे प्रवास कमी करतात आणि दिवा जपून लावतात, अशी सर्वसाधारण समजूत आहे. अर्थशास्त्राच्या प्राथमिक नियमाप्रमाणे ती खोटी म्हणता येणार नाही. परंतु एखाद्या विशिष्ट प्रदेशाच्या इतिहासाला हा नियम लावून पाहिला म्हणजे तो अपुरा पडतो. सातारा व सांगली ह्या दोन जिल्ह्यांनी इंधनाची टंचाई अथवा दरवाढ किमान चार वेळा तीव्रतेने अनुभवली : दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९७३-७४ साली, १९७९-८० साली आणि २०२१-२२ साली. प्रत्येक प्रसंगी काही काळ ओढाताण झाली. पण ह्या प्रदेशाची शक्तीची गरज कायमची मागे हटली, असे एकदाही घडले नाही. ती गरज एका इंधनावरून उठून दुसऱ्यावर जाऊन बसली. पालखीचे भोई खांदा बदलतात तेव्हा पालखीचे वजन कमी होत नाही. ते दुसऱ्या खांद्यावर जाते, एवढेच. इंधनाच्या महागाईचा येथील इतिहास हा अशा खांदेपालटीचा इतिहास आहे. म्हणून 'इंधन किती महागले' ह्या प्रश्नाच्या जोडीला 'तो भार पुढे कोणाच्या खांद्यावर गेला' हा प्रश्न विचारल्यावाचून त्याचा उलगडा होत नाही.

हे दोन जिल्हे एकत्र घेण्याचे कारण प्रशासकीय तसेच भौगोलिकही आहे. १ ऑगस्ट १९४९ रोजी जुन्या सातारा जिल्ह्याचा दक्षिण भाग आणि सांगली, मिरज, जत आदी विलीन संस्थानांचा मुलूख मिळून दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला. १९६० साली त्यास सांगली हे नाव मिळाले. दोहोंना जोडणारी कृष्णा पश्चिमेच्या अतिवृष्टीच्या डोंगरांतून निघते. महाबळेश्वरी वर्षाला पाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर माण, खटाव, आटपाडी आणि जत ह्या पूर्वेकडील तालुक्यांत तो सरासरी पाचशेच्या आसपास घुटमळतो. पाणी आहे तेथे सपाट जमीन थोडी आणि जमीन आहे तेथे पाणी नाही. त्यामुळे ह्या प्रदेशात माणसांच्या व मालाच्या वाहतुकीइतकीच पाण्याची वाहतूक महत्त्वाची ठरली. इंधनाच्या दरवाढीचा विचार येथे केवळ मोटारीच्या भाड्यावरून करता येत नाही, तो विहिरीच्या काठावरूनही करावा लागतो.

१. शब्दांतील साक्ष

इंधनाविषयीचे बोलीतील शब्द ह्या बदलांची पहिली साक्ष देतात. कृष्णाकाठच्या बोलीत स्वयंपाकाच्या लाकूडफाट्याला 'जळण' म्हणतात. हा शब्द घरचा आहे आणि त्यातील वस्तूही घरची अथवा शिवारातली : बाभळीचा फाटा, तुरकाट्या, शेणी, उसाचे पाचट. तिला बाजारभाव नसे असे नाही, पण ती प्रामुख्याने श्रमाने, आणि तेही बहुधा बायकामुलांच्या श्रमाने, मिळे. ह्याच्या उलट 'घासलेट' आणि 'रॉकेल' हे शब्द परके आहेत. पहिला इंग्रजी 'गॅसलाइट' ह्याचे आणि दुसरा 'रॉक ऑइल' ह्याचे रूपांतर मानला जातो. 'डिझेल' हा शब्द रूढ होण्यापूर्वी व नंतरही खेड्यांतील शेतकरी त्या तेलाला 'क्रूड' म्हणत. वास्तविक क्रूड म्हणजे अशुद्ध खनिज तेल. शब्दाचा अर्थ असा सरकला, तरी एक गोष्ट त्यातून स्पष्ट होते. जळण गोळा करावे लागे, घासलेट व क्रूड विकत घ्यावे लागे. ज्या दिवशी डब्यातले तेल घरात आले, त्या दिवशी रंगून, इराण किंवा पुढे आखाती देश येथील घडामोडींचा धागा आटपाडीच्या चिमणीला येऊन बांधला गेला.

मोटेची परिभाषा ह्याहून जुनी व समृद्ध आहे. कातड्याची मोट, तिला ओढणारा जाड दोर म्हणजे नाडा, तिचे तोंड सांभाळणारा बारीक दोर म्हणजे सोंदूर, बैलांच्या उतरणीची धाव, पाणी पडते ते थारोळे असे प्रत्येक भागाला स्वतंत्र नाव होते. ह्या यंत्रणेचे इंधन म्हणजे कडबा आणि वैरण. तेव्हा मोटेच्या काळात इंधनाची महागाई नव्हती असे समजणे चुकीचे ठरेल. दुष्काळात कडबा महागे, बैल विकावे लागत आणि नेमक्या गरजेच्या वेळी पाणी उपसण्याची शक्तीच नाहीशी होई. शेतकऱ्याने तेलाचे इंजिन स्वीकारले ते केवळ नवलाईपोटी नव्हे. दुष्काळात जिला चारा लागत नाही, अशी शक्ती त्याला हवी होती.

२. इंजिनाचे आगमन

ह्या स्वीकाराची साधने योगायोगाने ह्याच प्रदेशात घडत होती. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानात, राजे भवानराव पंतप्रतिनिधी ह्यांच्या साहाय्याने, किर्लोस्करवाडीची स्थापना केली. लोखंडी नांगरापासून सुरू झालेला हा कारखाना पुढे पाण्याच्या पंपांकडे वळला. उत्तरेस सातारा रोड येथे धनजीशा कूपर ह्यांच्या कारखान्यात १९३० नंतरच्या दशकात डिझेल इंजिने तयार होऊ लागली. भारतात बनलेल्या आरंभीच्या डिझेल इंजिनांत त्यांची गणना होते. हेच कूपर १९३७ साली मुंबई प्रांताच्या अल्पजीवी मंत्रिमंडळाचे प्रमुख होते. पुढे १९४६ साली किर्लोस्करांनी पुण्याजवळ खडकी येथे तेलावरील इंजिनांचा स्वतंत्र कारखाना काढला.

इंजिनाने काय साधले हे साध्या हिशेबाने समजू शकते. एक लिटर डिझेलमध्ये सुमारे दहा युनिट उष्णता साठवलेली असते. इंजिन व पंप ह्यांतील घट वजा जाता तिच्यातील सुमारे पाचवा हिस्सा पाणी उचलण्याच्या कामी येतो असे धरले, तर एका लिटरात सत्तरएक हजार लिटर पाणी दहा मीटर उंच चढते. हे काम बैलजोडीला करावयाचे तर तिचा निम्म्याहून अधिक दिवस खर्ची पडेल. पाच अश्वशक्तीचे इंजिन असे एक लिटर तेल तासाभरात पिते. ज्या मळ्यात मोटेवर भाजीपाला व थोडा गहू निघे, तेथे आता उसाचा विचार शक्य झाला. परंतु ऊस हे बारा ते अठरा महिन्यांचे पीक आहे. एकदा लावल्यावर तेल महागले म्हणून त्याचे पाणी मध्येच तोडता येत नाही. इंधनाच्या किमतीला शेतकरी बांधला गेला तो ह्या पिकाच्या द्वारे.

३. युद्धकाळ : टंचाईचा पहिला धडा

१९४१ साली हिंदुस्थानात पेट्रोलचे रेशनिंग सुरू झाले. मार्च १९४२ मध्ये रंगून पडले आणि माघार घेताना सिरियम येथील तेलशुद्धीकरणाचा कारखाना नष्ट करण्यात आला. हिंदुस्थानच्या रॉकेल-पेट्रोलचा मोठा हिस्सा ब्रह्मदेशातून येत असे. तो पुरवठा त्यासरशी थांबला. खेड्यांत घासलेट मिळेनासे झाले आणि करंजेलाच्या पणत्या पुन्हा बाहेर निघाल्या.

मोटार-वाहतुकीवर ह्याचा परिणाम विशेष बोलका आहे. दक्षिण मराठा रेल्वेची पुणे–मिरज मीटरमापी वाट एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस झाली होती; पण साताऱ्यासाठी सोयीचे मानले गेलेले सातारा रोड स्टेशन शहरापासून दूर होते आणि वाई, पाटण, खटाव, जत इत्यादी गावांना तर रेल्वेचा स्पर्शच नव्हता. साहजिकच खाजगी मोटार-सर्व्हिस ही चैन नसून गरज होती. पेट्रोल मिळेना, तेव्हा सरकारच्या उत्तेजनाने व पुढे सक्तीने मोटारींना कोळशाच्या गॅसची भट्टी जोडण्यात आली. गाडीच्या मागे वा बाजूस बसविलेल्या उभ्या नळकांड्यात लोणारी कोळसा पेटवायचा, त्याच्या अपुऱ्या ज्वलनातून निघणारा वायू गाळून इंजिनात सोडायचा, अशी ही रीत होती. ह्या वायूवर इंजिनाची शक्ती तिसऱ्या हिश्शाहून अधिक घटे. खंबाटकी किंवा पसरणीसारख्या घाटांत अशा गाडीची काय अवस्था होत असेल, ह्याची कल्पना करता येते.

तथापि येथेही खांदेपालटीचे तत्त्व दिसून येते. पेट्रोल वाचले, ते लाकूड तोडून. रेशनच्या चिठ्ठीवर जी बचत नोंदली गेली, ती सह्याद्रीच्या रानातील कोळशाच्या भट्ट्यांनी भरून काढली. मोटारीत बसणारा प्रवासी थोडे अधिक भाडे आणि बराच अधिक वेळ देऊन सुटला. जंगलावर व त्याच्या आश्रयाने जळण मिळविणाऱ्यांवर पडलेला भार मात्र कोणत्याही हिशेबात आला नाही.

४. एस. टी. आणि कोयना

स्वातंत्र्योत्तर दोन दशकांत ह्या प्रदेशाच्या शक्तिव्यवहाराला दोन सार्वजनिक संस्थांनी नवे रूप दिले. १ जून १९४८ रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर सरकारी प्रवासी मोटार धावली आणि तिच्यातून राज्य परिवहनाचा विस्तार झाला. एस. टी.चे महत्त्व स्वस्त प्रवासापुरते नाही. मुंबईच्या कापड गिरण्यांतील कामगारांचा फार मोठा भाग रत्नागिरी व सातारा ह्या जिल्ह्यांतून गेलेला होता. गावाकडील शेती आणि मुंबईतील पगार ह्यांचे दळणवळण रेल्वेप्रमाणेच ह्या लाल गाड्यांवर चाले. भाड्याचा दर सरकारच्या संमतीने ठरत असल्याने डिझेलची वाढ प्रवाशापर्यंत पोहोचण्यास वेळ लागे, आणि मधल्या काळातील तूट मंडळाच्या हिशेबात साचत राही. दरवाढ पचविण्याची ही पद्धत पुढे अधिक मोठ्या प्रमाणावर विजेच्या बाबतीत वापरली गेली.

दुसरी घटना कोयनेची. पाटण तालुक्यात कोयना नदी अडवून तिचे पाणी बोगद्यांनी पश्चिमेस, सुमारे पावणेपाचशे मीटर खाली, चिपळूण तालुक्यातील पोफळीच्या भूमिगत वीजगृहात सोडण्यात आले. १९६२ साली वीजनिर्मितीस आरंभ झाला. चार टप्पे व धरणाच्या पायथ्याचे वीजगृह मिळून तिची स्थापित क्षमता आज १९६० मेगावॅट आहे. प्रारंभी ह्या विजेचे मुख्य गिऱ्हाईक मुंबई-पुण्याचे कारखाने होते. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात कोयना परिसरात पावणेदोनशेहून अधिक माणसे दगावली आणि मुंबईचा वीजपुरवठा खंडित झाला. ह्या एका पहाटेने कोयना आणि मुंबई ह्यांचे नाते जितके उघड केले, तितके कोणत्याही अहवालाने केले नसेल.

कोयनेची वीज 'स्वस्त' म्हणून ओळखली गेली. तेल जळत नाही, कोळसा लागत नाही, पाऊस दरवर्षी येतो, ह्या अर्थाने ती स्वस्त होतीच. परंतु शिवाजीसागराखाली ज्यांची गावे गेली, त्यांच्या पुनर्वसनाचे प्रश्न धरण पूर्ण झाल्यावर अर्धशतक उलटूनही निकालात निघाले नव्हते. विजेच्या युनिटाच्या दरात हा खर्च धरलेला नाही. तो धरला नाही म्हणूनच ती इतकी स्वस्त दिसली, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होणार नाही.

५. १९७३ : तेल महागते, वीज पसरते

ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब-इस्रायल युद्ध पेटले आणि तेल-उत्पादक राष्ट्रांनी किमती वाढविल्या. पिंपाला तीन डॉलरच्या आसपास असलेले खनिज तेल जानेवारी १९७४ पर्यंत अकरा डॉलरच्या वर गेले. महाराष्ट्र त्या वेळी १९७२-७३ च्या दुष्काळातून नुकताच बाहेर पडत होता. नोव्हेंबर १९७३ मध्ये पेट्रोलच्या दरवाढीचा निषेध म्हणून अटलबिहारी वाजपेयी बैलगाडीतून संसदेत आले. दिल्लीत ते निषेधाचे प्रतीक होते. कृष्णाकाठी मात्र ऊस कारखान्यापर्यंत नेण्याचे ते रोजचे साधन होते, आणि गळीत हंगामात टायरच्या बैलगाड्यांच्या रांगा आजही येथे दिसतात. ट्रॅक्टर आला तरी बैलगाडी टिकली, ह्यात डिझेलच्या किमतीचा वाटा आहेच. परंतु आणखी एक कारण विसरता कामा नये. गाडी हाकणारी बहुसंख्य कुटुंबे दुष्काळी तालुक्यांतून व मराठवाड्यातून हंगामापुरती येतात आणि त्यांच्या श्रमाची किंमत तेलापेक्षा कमी लावली जाते.

सरकारी धोरणाने पेट्रोल व डिझेल ह्यांत भेद केला. पेट्रोल श्रीमंताचे मानून त्यावर कर बसविले. रॉकेल गरिबाच्या दिव्यासाठी व स्टोव्हसाठी, आणि डिझेल शेतकरी व एस. टी.साठी म्हणून त्यांचे दर तुलनेने आवरून धरले. तरीही इंजिनाने पाणी उपसणे जड जाऊ लागले. केंद्र शासनाच्या इंधन-धोरण समितीने १९७४ च्या अहवालात तेलाऐवजी कोळशावर भर देण्याचा विचार मांडला. त्याचा व्यवहारातील अर्थ शेतीपंपांपुरता असा की, इंजिन काढून विजेची मोटर बसवावी. १९६० साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र राज्य वीज मंडळाच्या तारा ह्याच काळात खेड्यांत पोहोचत होत्या. १९७४ साली बॉम्बे हायचा शोध लागला आणि १९७६ साली तेथून तेल येऊ लागले. १९७९-८० साली इराणमधील क्रांतीनंतर पिंपाचा भाव तीस डॉलरच्या वर गेला, तेव्हा त्या घरच्या तेलाचा आधार वाटला. पण मळ्यातील इंजिनाचे दिवस तोपर्यंत भरत आले होते.

सत्तरच्या दशकाच्या अखेरीस शेतीपंपांना मीटरऐवजी अश्वशक्तीच्या हिशेबाने वार्षिक आकारणी लागू झाली. ह्या बदलाचा परिणाम फार दूरगामी आहे. इंजिनवाल्या शेतकऱ्याला प्रत्येक तासामागे एक लिटर तेलाचे पैसे डोळ्यांसमोर दिसत. अश्वशक्तीवर पैसे भरणाऱ्याला दहावा तास आणि शंभरावा तास सारखाच, म्हणजे फुकट. तेलाच्या महागाईने जी काटकसर शिकवली असती, ती विजेच्या आकारणीने अनावश्यक करून टाकली. त्या काटकसरीची जागा पुढे भारनियमनाने घेतली. किमतीने जे रोखले नाही ते वेळापत्रकाने रोखले, आणि शेतकऱ्याला रात्रीच्या पाळीत बॅटरी घेऊन शेतात जावे लागले. येथे भार पैशाच्या रूपात नव्हे, तर झोपेच्या आणि जिवाच्या जोखमीच्या रूपात खांद्यावर आला.

६. पाणी पश्चिमेला, वीज पूर्वेला

ह्या खांदेपालटीचे सर्वांत बोधप्रद उदाहरण उपसा सिंचन योजनांचे आहे. ताकारी, म्हैसाळ व टेंभू ह्या योजना कृष्णेचे पाणी टप्प्याटप्प्याने उचलून खानापूर, आटपाडी, कवठेमहांकाळ, जत ह्यांसारख्या दुष्काळी तालुक्यांकडे नेतात. १९९६ साली महाराष्ट्र कृष्णा खोरे विकास महामंडळ स्थापन झाल्यावर अशा कामांना वेग आला. पिढ्यान् पिढ्या ज्या गावांनी चाऱ्याच्या छावण्या पाहिल्या, तेथे आज द्राक्षे, डाळिंब आणि ऊस उभा आहे. हे यश लहान नाही आणि त्यामागे पाण्याच्या समन्यायी वाटपासाठी झालेल्या दीर्घ चळवळीही आहेत.

परंतु पाणी उंचावर चढवायचे तर शक्ती लागते. एक घनमीटर, म्हणजे हजार लिटर, पाणी शंभर मीटर चढविण्यास, पंपाची घट धरून, सुमारे ०.४ युनिट वीज लागते. आता कोयनेचा हिशेब पाहावा. तेच एक घनमीटर पाणी पावणेपाचशे मीटर पश्चिमेस पडले, तर घट वजा जाता सुमारे एक युनिट वीज देते. म्हणजे कोयनेतून पश्चिमेस सोडलेल्या एका घनमीटर पाण्याच्या शक्तीवर, वहनातील गळती लक्षात घेता, पूर्वेस दोन घनमीटरांहून थोडे अधिक पाणी शंभर मीटर उचलता येते. कृष्णा पाणीतंटा लवादाने कोयनेच्या पश्चिमवहनावर वार्षिक ६७.५ अब्ज घनफुटांची मर्यादा घातली आहे. दुष्काळी वर्षी सांगलीच्या नदीपात्रासाठी धरणातून पूर्वेला पाणी सोडण्याची मागणी होते, तेव्हा वीज की पाणी, हा वाद दर वेळी नव्याने उभा राहतो. वास्तविक तो केवळ वीज आणि पाणी ह्यांतील वाद नाही. एकाच धरणातील थेंब पश्चिमेला पाठवून त्याच्या बळावर दुसरा थेंब पूर्वेला चढवायचा, की पहिलाच पूर्वेला सोडायचा, अशी ती निवड आहे. सोडलेला थेंबही नदीच्या पातळीवरच येतो आणि माळावर जाण्यासाठी त्याला पुन्हा वीज लागतेच, ही त्यातील खरी अडचण होय.

ह्या योजनांची वीजबिले थकल्यामुळे पंप बंद राहिल्याच्या घटना सांगली जिल्ह्याला परिचित आहेत. अखेर बिलाचा ८१ टक्के भार शासनाने व १९ टक्के लाभधारकांनी सोसावा, असे सूत्र स्वीकारण्यात आले. त्यापाठोपाठ एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या शेतीपंपांना राज्याने मोफत वीज जाहीर केली. मोटेच्या काळात कडब्याच्या रूपाने, इंजिनाच्या काळात तेलाच्या रूपाने जो खर्च शेतकऱ्याच्या दारात होता, तो अशा रीतीने राज्याच्या तिजोरीत पोहोचला आहे. ज्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या शेतात अद्याप पाणी पोहोचलेले नाही, तोही त्या तिजोरीत कररूपाने भर घालतो, ही गोष्ट ह्या सूत्रात दिसत नाही.

७. अलीकडचा काळ

पेट्रोलचे दर जून २०१० पासून व डिझेलचे ऑक्टोबर २०१४ पासून सरकारी नियंत्रणातून मुक्त झाले. जून २०१७ पासून ते दररोज बदलू लागले. २०२१ साली महाराष्ट्रात पेट्रोलने लिटरला शंभर रुपयांची मर्यादा ओलांडली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात डिझेलचे कारण देऊन एस. टी.ने भाडे १७ टक्क्यांहून अधिक वाढविले. लगोलग कामगारांचा संप झाला आणि तो २०२२ च्या एप्रिलपर्यंत रेंगाळला. त्या महिन्यांत खेड्यातील विद्यार्थी व वृद्ध ह्यांना वडाप गाड्या आणि दुचाक्या ह्यांवर अवलंबून राहावे लागले. म्हणजे इंधन महागल्याने प्रवास कमी झाला असे म्हणण्यापेक्षा, सामुदायिक वाहनातील प्रवास अधिक महाग अशा वैयक्तिक वाहनाकडे लोटला गेला, असे म्हणणे वस्तुस्थितीस धरून होईल. पुणे–मिरज रेल्वेमार्ग १९७१ साली रुंदमापी झाला होता. अलीकडच्या वर्षांत त्याचे विद्युतीकरण झाल्याने तेथील डिझेलही मागे पडत आहे.

नव्या पर्यायांच्या शोधातही ह्या प्रदेशाने पुढाकार घेतला. फलटण येथील निंबकर कृषी संशोधन संस्थेने, जिची स्थापना १९६८ साली बनबिहारी निंबकर ह्यांनी केली, डॉ. अनिल राजवंशी ह्यांच्या मार्गदर्शनाखाली उसाच्या पाचटासारख्या हलक्या काडीकचऱ्यापासून ज्वलनशील वायू करणारी भट्टी, गोड ज्वारीपासून मद्यार्क आणि विजेवर चालणारी सायकल-रिक्षा ह्यांवर काम केले. तालुका हा शक्तीच्या बाबतीत स्वयंपूर्ण एकक मानावा, असा विचार ह्या संस्थेने मांडला. युद्धकाळातील कोळशाच्या गॅसचे तत्त्व येथे पुन्हा अवतरले. फरक इतकाच की, ह्या वेळी जंगल न तोडता शेतात जाळून टाकले जाणारे पाचट वापरण्याचा हेतू होता. कोयना जलाशयाच्या माथ्यावरील वनकुसवडे पठारावर शतकाच्या आरंभी उभारलेल्या पवनचक्क्या एके काळी आशियातील मोठ्या पवनऊर्जा-क्षेत्रांत मोडत. म्हैसाळ योजनेसाठी सौरविजेचा प्रकल्पही शासनाने मंजूर केला आहे.

पेट्रोलमधील इथेनॉलचा प्रयोग मात्र अधिक सावधपणे तपासला पाहिजे. २००३ साली पाच टक्क्यांपासून सुरू झालेले मिश्रण २०२२ साली दहा व २०२५ साली वीस टक्क्यांवर पोहोचले. आयात तेलाचा खर्च वाचावा आणि साखर कारखान्यांना आधार मिळावा, असा त्याचा दुहेरी हेतू आहे. हे सर्व इथेनॉल उसाचे नसते, त्यात धान्याचाही मोठा वाटा आहे. परंतु उसाच्या रसापासून एक लिटर इथेनॉल करण्यास सुमारे २,८०० लिटर पाणी लागते, असा अंदाज दिला जातो. हे सर्व पाणी शंभर मीटर उपसून आणलेले आहे असे धरले, तर केवळ उपशासाठी एक युनिटाहून थोडी अधिक वीज खर्च होते. त्या लिटरातील उष्णता साधारण सहा युनिटांइतकी. पावसाचे पाणी वजा केल्यास हा खर्च कमी होईल आणि उंची वाढल्यास अधिक होईल. तथापि दिशा स्पष्ट आहे. सांगलीच्या पेट्रोल पंपावर 'देशी' म्हणून मिळणाऱ्या इंधनात कोयनेचे पाणी, कोळशाची वीज आणि राज्याचे अनुदान मिसळलेले असते. पंपावरील आकड्यांत ह्यांपैकी एकही दिसत नाही.

८. उपसंहार

वरील विवेचनावरून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली अशी की, ह्या प्रदेशात इंधनाच्या दरवाढीने वापर घटला नाही, तर शक्तीचे साधन बदलले : वैरणीकडून तेलाकडे, तेलाकडून विजेकडे, आणि आता विजेकडून अंशतः ऊन, वारा व ऊस ह्यांकडे. दुसरी अशी की, प्रत्येक बदलाबरोबर किंमत दिसेनाशी होत गेली. कडबा दिसत असे, तेलाचा डबा दिसत असे. पण विस्थापितांचे गाव, तुटलेले रान, ऊसतोड कुटुंबाचा हंगाम, रात्रीच्या पाळीतील जोखीम आणि तिजोरीतील अनुदान ह्यांपैकी काहीही युनिटाच्या दरावर लिहिलेले नसते.

म्हणून इंधनविषयक इतिहासाच्या अभ्यासकाने केवळ पेट्रोल व डिझेल ह्यांच्या दरांची कोष्टके मांडून थांबू नये. गावपातळीवरील पाणीपुरवठा संस्थांची दप्तरे, एस. टी.च्या भाडेवाढीचे आदेश, पुनर्वसन वसाहतींतील जमीन-वाटपाच्या नोंदी आणि उपसा योजनांची वीजबिले ही ह्या इतिहासाची खरी साधने आहेत, आणि ती जपली जाण्याची व्यवस्था आजच झाली पाहिजे. सौरविजेची पुढील खांदेपालट जवळ आली आहे. तिच्यासाठी लागणारी जमीन पूर्वेकडील माळरानांवरच शोधली जाईल, आणि ती माळराने आज मेंढपाळांची व कोरडवाहू शेतकऱ्यांची चराऊ भूमी आहेत. त्यांचा खांदा ह्या वेळी कोणाच्या हिशेबात धरला जातो, ह्यावर त्या विजेची खरी किंमत ठरणार आहे.